एका अंगठीसाठी टनभर दगड

भोंगा थांबल्यावर : लेखांक ९

बोटातली साधी, बिनखड्याची अंगठी काढून तळहातावर ठेवा. तीन ग्रॅमच्या आसपास भरेल. गेल्या शतकाच्या अखेरीस कोलारच्या खाणीत एवढं सोनं मिळवायला टनभर दगड फोडून वर आणावा लागे, दळावा लागे, धुवावा लागे. त्याआधी शंभर वर्षं त्याच खाणीतल्या टनभर चांगल्या दगडातून ४५ ग्रॅमच्या वर, म्हणजे चार तोळ्यांच्या आसपास सोनं निघत होतं. चार तोळ्यांपासून एका अंगठीपर्यंत. कोलारची सव्वाशे वर्षं या दोन मापांच्या मध्ये बसतात.

गेल्या आठवड्यात आपण गिरणगावात होतो. गिरण्या बंद का पडल्या, यावर लालबाग-परळमध्ये आजही वाद रंगतो. कुणी मालकांकडे बोट दाखवतं, कुणी संपाकडे, कुणी जमिनीच्या भावाकडे. पण कापूस संपला म्हणून गिरणी बंद पडली, असं कुणी म्हणत नाही. कापूस दरवर्षी पिकतो. खाणीचं तसं नसतं. खाण रोज स्वतःलाच खाऊन जगते. ती एक दिवस संपणार हे पहिली कुदळ पडते तेव्हाच ठरलेलं असतं. तिच्या अंगाखांद्यावर वसलेलं गाव मात्र संपण्यासाठी वसलेलं नसतं. तिथे देवळं उभी राहतात, शाळा निघतात, नातवंडं होतात. कोलार सुवर्णक्षेत्राची, म्हणजे केजीएफची गोष्ट या विसंगतीची आहे.

एक खुलासा आधीच करून टाकू. अलीकडे केजीएफ म्हटलं की डोळ्यांपुढे २०१८चा तो कन्नड चित्रपट येतो. त्यातली काही दृश्यं खरोखर इथे, खाणीच्या टाकाऊ मातीच्या डोंगरांवर चित्रित झाली. पण कथा सगळी कल्पनेतली. खरी खाण उघड्यावर नव्हती, ती जमिनीच्या पोटात होती. तिच्यावर कुणा डॉनचं राज्यही नव्हतं. तिचे मालक लंडनला होते, भागधारकांच्या सभा भरवत होते, आणि हिशेबाला पक्के होते.

वॉरनची बक्षिसी, लव्हेलची बैलगाडी

बंगळूरूच्या पूर्वेला साधारण शंभर किलोमीटरवर, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडू जिथे जवळजवळ येतात तिथे, दक्षिणोत्तर पसरलेला अतिप्राचीन खडकांचा एक चिंचोळा पट्टा आहे. लांबी सुमारे ८० किलोमीटर, रुंदी जेमतेम चार-सहा. अडीच अब्ज वर्षांहून जुन्या या काळपट खडकांमधून गारगोटीच्या शिरा गेल्या आहेत, आणि त्या शिरांमध्ये सोनं आहे. बहुतेक वेळा ते डोळ्यांना दिसतही नाही.

हे सोनं इंग्रजांनी शोधलं असं शाळेत शिकवतात. इथल्या लोकांना ते किमान दीड हजार वर्षांपासून ठाऊक असावं असं जुन्या खोदकामांचे अवशेष सांगतात. गंग राजे स्वतःला ‘कुवलालपुरवरेश्वर’ म्हणवत. हे कुवलालपुर म्हणजेच कोलार. मराठी वाचकाला हा मुलूख आणखी एका कारणाने परका नाही. विजापूर दरबाराने शहाजीराजांना कर्नाटकात जी जहागीर दिली तिच्यात बंगळूरूच्या जोडीला कोलारही होतं.

१७९९मध्ये टिपू सुलतान पडला. म्हैसूरच्या नव्या सीमा आखायला इंग्रजांनी मोजणी सुरू केली. त्या कामावरच्या लेफ्टनंट जॉन वॉरनच्या कानावर १८०२मध्ये इथल्या सोन्याच्या गोष्टी आल्या. त्याने बक्षीस जाहीर केलं. गावकरी बैलगाड्यांतून माती घेऊन आले, त्याच्यासमोर धुतली, आणि तळाशी सोन्याचे कण चमकले. मारिकुप्पमजवळ लोक भुयारांत उतरून दगड काढतात, बायका तो कुटून धुतात, हेही त्याने पाहिलं आणि लिहून ठेवलं. हा वॉरन पुढे मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झाला. सोन्याचा त्याचा अहवाल मात्र जुन्या अंकांत पडून राहिला.

तो हाती लागला मायकेल लव्हेल नावाच्या एका आयरिश निवृत्त सैनिकाच्या. न्यूझीलंडमधल्या लढाईत असताना त्याला सोन्याच्या शोधाचं वेड लागलं होतं. बंगळूरूच्या छावणीत निवृत्तीचे दिवस काढताना वॉरनचं टिपण त्याच्या वाचनात आलं. १८७१मध्ये तो बैलगाडीने कोलारला गेला, जुनी खोदकामं फिरून पाहून आला. म्हैसूर सरकारशी दीर्घ पत्रव्यवहार करून १८७५मध्ये त्याने वीस वर्षांचा परवाना मिळवला. पण खाण म्हणजे पैसा ओतायची विहीर. लव्हेलचा खिसा तेवढा खोल नव्हता. दोनेक वर्षांतच त्याने आपले हक्क दुसऱ्यांना विकले. बंगळूरूत नोकरी करणाऱ्या हजारो मराठी मुलामुलींना ‘लव्हेल रोड’ माहीत असतो. तो रस्ता या लव्हेलच्या नावाचा.

जुन्या भुयाराचा माग

१८८०च्या सुमारास लंडनच्या बाजारात भारतीय सोन्याच्या कंपन्यांचं पीक आलं. शेअर विकले गेले, यंत्रं आली, चर खणले गेले, आणि हाती फारसं काही लागलं नाही. एकेक कंपनी गाशा गुंडाळू लागली. त्यांतल्या म्हैसूर कंपनीच्या तिजोरीतही शेवटचे काही हजार पौंड उरले होते. ते वाटून घ्यावेत की आणखी एकदा खणून पाहावं, असा भागधारकांपुढे पेच होता. व्यवस्थापन जॉन टेलर अँड सन्स या पेढीकडे होतं. तिने आणखी एक प्रयत्न करू द्या म्हणून गळ घातली आणि कॅप्टन प्लमर नावाच्या माणसाला कोलारला धाडलं.

हा ‘कॅप्टन’ फौजेतला नव्हे. इंग्लंडच्या नैऋत्य टोकावर कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या कथलाच्या आणि तांब्याच्या खाणी चालत, आणि खाणीच्या मुकादमाला तिथे कॅप्टन म्हणत. त्या खाणी डबघाईला आल्यावर कॉर्नवॉलचे खाणकरी जगभर पांगले. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, अमेरिका, आणि कोलार. स्वतःचं गाव बुडाल्यामुळे परमुलखी आलेल्या माणसांनी हे गाव उभारलं, ही गोष्ट पुढच्यासाठी लक्षात ठेवा.

प्लमरने नवी जागा शोधण्याच्या फंदात न पडता जुन्या लोकांचाच माग काढला. ज्यांना पंपाशिवाय, सुरुंगाशिवाय, नुसत्या छिन्नी-हातोड्याने आणि आगीने खडक तापवून एवढं खोल जावंसं वाटलं, त्यांनी काही उगाच घाम गाळला नसेल, असा साधा हिशेब. जुनी भुयारं जिथे थांबली होती त्याच्या खाली त्याने खणलं, आणि ज्या शिरेला पुढे ‘चॅम्पियन’ हे नाव पडलं ती भरघोस शीर १८८३च्या सुमारास सापडली. जुने खाणकरी थांबले होते ते सोनं संपलं म्हणून नव्हे, तर भुयारात साचणारं पाणी उपसता येईना म्हणून. लंडनमध्ये शेअरचे भाव उसळले. दगडाच्या टनामागे चार तोळ्यांचे दिवस सुरू झाले.

बंगळूरूच्या आधी उजेड

आता कोलारला सगळं हवं होतं, आणि तातडीने. १८९४मध्ये बौरिंगपेटहून, म्हणजे आजच्या बंगारपेटहून, खाणींपर्यंत रेल्वेचा फाटा आला. पालार नदीवरच्या बेतमंगलाच्या तलावातून नळाने पाणी आलं. आणि वीज आली तिची कहाणी तर अभियांत्रिकीच्या इतिहासात नोंदवण्यासारखी आहे.

सुरुवातीला खाणीची यंत्रं वाफेवर चालत. त्यासाठी दूरवरून आणलेला कोळसा आणि आजूबाजूच्या रानातलं लाकूड जळत असे. रानं उजाड होत गेली, खर्च चढत गेला. म्हैसूरचे दिवाण शेषाद्री अय्यर यांनी कावेरीच्या शिवसमुद्र धबधब्यावर वीज निर्माण करून ती खाणींना विकायची योजना रेटली. ३० जून १९०२ रोजी ही वीज तब्बल १४८ किलोमीटरचा प्रवास करून कोलारला पोचली. त्या काळच्या जगातल्या सर्वांत लांब वीजवाहिन्यांमध्ये तिची गणना होते. दिवाणसाहेब मात्र ती पाहायला नव्हते. आदल्याच वर्षी त्यांचं निधन झालं होतं. बंगळूरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले १९०५मध्ये. म्हणजे राजधानीसारख्या शहराच्या तीन वर्षं आधी एका खाणीला वीज मिळाली.

म्हैसूर सरकारचा यात तोटा नव्हता. सोन्यावर पाच टक्के स्वामित्वधन आणि विजेचं बिल, दोन्ही त्याच्या खजिन्यात जमा होत असे. म्हैसूर संस्थानाच्या प्रगतीचं जे कौतुक आपण वाचतो, त्यातला काही वाटा या दगडातून आलेला आहे. १९०५च्या आसपास उत्पादनाने शिखर गाठलं. वर्षाला १९ टनांच्या घरात सोनं. ते मारिकुप्पमहून रेल्वेने निघे आणि थेट परदेशी जाई.

पाळणा खाली जातो

सोन्याची शीर जमिनीला समांतर नसते. कोलारची शीर पश्चिमेकडे कललेली, जवळजवळ उभीच. तिचा पाठलाग करायचा म्हणजे खाली, आणखी खाली जायचं. त्यासाठी आधी एक सरळ विहीर खोदतात, तिला शाफ्ट म्हणतात. शाफ्टच्या तोंडावर लोखंडी सांगाडा आणि त्यावर भली मोठी चाकं. पोलादी दोरखंडाला लोखंडी पाळणा टांगलेला, त्यातून माणसं उतरायची. शाफ्टमधून ठरावीक अंतरावर आडवी भुयारं निघतात. त्या भुयारांतून शिरेपाशी पोचायचं, ड्रिलने भोकं पाडायची, सुरुंग लावायचा, फुटलेला दगड ट्रॉलीत भरून शाफ्टपाशी ढकलायचा. मग शिरेचा पुढचा थर. अशा भुयारांची इथली एकूण लांबी शेकडो किलोमीटरांत मोजली जाते.

चॅम्पियन रीफ खाण अखेरीला ३,२०० मीटर खोल गेली. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवून उलट्या जमिनीत खुपसल्या, तर कोलारच्या तळाचा अंदाज येईल. इतक्या खोल खाणी त्या काळी जगात मोजक्याच होत्या.

एवढ्या खोलवर तीन शत्रू असतात. पहिला उष्णता. तळाशी खडकाचं तापमान ६५ अंशांच्या पुढे जाई. त्यावर हात ठेवला तर पोळेल. म्हणून जमिनीवर हवा थंड करायचे प्रचंड कारखाने उभारून ती हवा खाली सोडावी लागे.

दुसरा शत्रू खुद्द खडक. डोक्यावर तीन किलोमीटरचा डोंगर पेलून तो दाबलेल्या स्प्रिंगसारखा ताणलेला असतो. त्यातला तुकडा काढून घेतला की त्याचा भार शेजारच्या खडकावर जातो. भार सोसवेनासा झाला की खडक एका क्षणात फुटतो, दगड गोळ्यांसारखे सुटतात. याला ‘रॉक बर्स्ट’ म्हणतात. कोलार हे जगातलं त्याचं कुप्रसिद्ध उदाहरण. हादरे इतके मोठे असत, की वर गावातली घरं थरथरायची, भिंतींना तडे जायचे. पोकळी भरून काढायला ग्रॅनाइटचे चिरे रचून आधार द्यायची पद्धत इथे वाढली, ती या भीतीपोटी. १९८८मध्ये केंद्र सरकारने खडकांच्या ताणाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था काढली ती केजीएफमध्येच, कारण तिच्या अभ्यासाचा विषय दारातच होता.

तिसरा शत्रू आवाज न करता येतो. गारगोटी फोडताना उडणारी सिलिकाची धूळ श्वासातून फुप्फुसात बसते आणि हळूहळू फुप्फुसाचा दगड करते. सिलिकोसिस. औषध नाही, माघार नाही. म्हैसूर संस्थानाने १९४०मध्ये त्यासाठी भरपाईचे नियम केले. पुढच्या काही वर्षांत साडेसात हजारांहून अधिक कामगार तपासले, तेव्हा त्यांतल्या ४० टक्क्यांहून जास्त जणांना या रोगाने गाठलेलं निघालं. शंभरातले चाळीस. कंपनीच्या ताळेबंदात दगडातल्या सोन्याचं प्रमाण ग्रॅमपर्यंत लिहिलेलं असे. कामगाराच्या छातीतल्या दगडाची मोजणी व्हायला मात्र साठ वर्षं लागली.

दोन गावं, एक शाफ्ट

वर जमिनीवर दोन केजीएफ होती. एक साहेबांचं. उताराच्या छपरांचे बंगले, बाग, क्लब, नाचघर, गोल्फचं मैदान, चर्च. हवा थंड, त्यामुळे याला ‘छोटं इंग्लंड’ म्हणत. त्याच्या कडेला अँग्लो-इंडियन कुटुंबं, मधल्या जागांवर काम करणारी.

दुसरं केजीएफ लाईनींचं. तमिळनाडूच्या उत्तर अर्काट भागातून, चित्तूरकडून मजुरांच्या झुंडी आल्या. त्यांतले बहुसंख्य दलित. त्यांच्यासाठी बांबूच्या तट्ट्यांच्या आणि पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा बांधल्या. त्यांनाच लाईन म्हणायचं. एका खोलीत आख्खं कुटुंब. आपल्या परळच्या दहा-बाय-दहाच्या खोलीची ही सख्खी बहीण, फक्त बैठी.

मग ही माणसं इथे आली कशाला? आणि का राहिली? गावाकडे जमीनदाराच्या शेतावर वेठ होती, पिढीजात कर्ज होतं, जात पावलोपावली आडवी येत होती. खाणीत जीवाला धोका होता, पण महिन्याला रोख पगार होता. पाळण्यात शेजारी कोण उभा आहे हे अंधारात दिसत नव्हतं. ज्या घरात कुणी पाटी धरली नव्हती त्या घरातलं पोर इथे शाळेत जाऊ लागलं.

त्यामुळेच केजीएफमध्ये नुसते मजूर तयार झाले नाहीत, वाचणारी आणि वाद घालणारी माणसं तयार झाली. पंडित अयोत्तीदास यांनी १८९८मध्ये मद्रासला शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. दलित हे मुळचे बौद्ध, असं ते मांडत. त्यांच्या संघाची एक भक्कम शाखा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच मारिकुप्पमच्या खाणकामगारांमध्ये उभी राहिली. अयोत्तीदासांचं ‘तमिळन’ हे साप्ताहिक त्यांच्या मृत्यूनंतर बंद पडलेलं होतं, ते १९२६मध्ये पुन्हा सुरू झालं ते या खाणींच्या गावातून. याच चळवळीशी जोडलेल्या पी. लक्ष्मी नरसू यांच्या बौद्ध धर्मावरच्या १९०७च्या इंग्रजी ग्रंथाची नवी आवृत्ती १९४८मध्ये निघाली, तिला प्रस्तावना आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. नागपूरच्या दीक्षाभूमीच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी कोलारच्या लाईनींमध्ये बुद्धवंदना होत होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाच्या कानावर नसते.

सोन्याच्या खाणीतल्या मजुराकडे चोर म्हणूनच पाहिलं जातं. पाळी संपली की अंगझडती ठरलेली. १९३०मध्ये कंपन्यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि प्रत्येक कामगाराच्या बोटांचे ठसे घ्यायचं ठरवलं. ठसे गुन्हेगारांचे घेतात, आम्ही गुन्हेगार आहोत का, असं विचारत कामगार संपावर गेले. पगारवाढीची मागणी घेऊन झालेले संप आपल्याला भरपूर ठाऊक आहेत. हा संप अपमानाच्या विरोधात होता.

खाणीतला दुसरा शोध

आता थोडं विषयांतर, पण ते करायलाच हवं. मुंबईत कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, टीआयएफआर. अवकाशातून पृथ्वीवर कणांचा अखंड पाऊस पडत असतो. हे कण जमिनीत किती खोल घुसतात, हा तिथल्या शास्त्रज्ञांचा एक प्रश्न होता. त्यासाठी खोल खड्डा हवा होता, आणि देशातला सर्वांत खोल खड्डा कोलारला होता. होमी भाभांच्या सांगण्यावरून बी. व्ही. श्रीकांतन १९५०च्या दशकाच्या आरंभी उपकरणं घेऊन पाळण्यात उतरले.

तळाशी जाता जाता लक्षात आलं, की इतर सगळे कण वरच्या खडकात अडतात आणि खाली कमालीची शांतता आहे. अशा शांततेतच न्यूट्रिनोची चाहूल लागू शकते. न्यूट्रिनो हा कण इतका अलिप्त, की आख्खी पृथ्वी ओलांडून जातो आणि कशालाही धक्का लागत नाही. क्वचित एखादा अडखळतो, तोच पकडायचा. वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा १९६५मध्ये कोलारमध्ये, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर मिळाल्या. भारत, जपान आणि ब्रिटन अशा तीन देशांचे शास्त्रज्ञ या प्रयोगात होते. त्याच सुमारास तसाच शोध दक्षिण आफ्रिकेत लागला, आणि तोही सोन्याच्या खाणीतच. पुढे १९८०च्या दशकात प्रोटॉनचा ऱ्हास होतो का, हे पाहणारा मोठा प्रयोगही इथेच झाला. ऱ्हास अजून कुणालाच सापडलेला नाही. तेवढ्यात खाणीचाच ऱ्हास झाला, आणि प्रयोगाला वर यावं लागलं.

हिशेब उलटा फिरतो

स्वातंत्र्य आलं तेव्हा कोलारचे चांगले दिवस सरलेले होते. शीर खोल गेली होती, पातळ झाली होती. १९५६च्या नोव्हेंबरमध्ये म्हैसूर राज्य सरकारने खाणी ताब्यात घेतल्या. १९६२मध्ये त्या केंद्राकडे, थेट अर्थखात्याकडे गेल्या. परकीय चलनाची चणचण होती, आणि देशात निघणाऱ्या सोन्याचा प्रत्येक ग्रॅम मोलाचा वाटत होता. १९७२मध्ये भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली.

मोल वाटत होतं, पण मोबदला मिळत नव्हता. १९६०च्या दशकात सोन्याचा सरकारी दर दहा ग्रॅमला ५३ रुपये ५८ पैसे होता. झवेरी बाजारातला भाव त्याच्या कितीतरी वर. खाणीने सोनं द्यायचं ते सरकारी दराने. म्हणजे कागदावर खाण तोट्यात, आणि सोनं मात्र सरकारच्या तिजोरीत. हा तोटा पुढे ‘आजारी उद्योगा’च्या फाइलीत जमा झाला.

सगळा दोष त्या दरालाही देता येत नाही. दगडातलं सोनं कमी झालं तरी पंप, पाळणा आणि थंड हवेचा कारखाना यांचा खर्च कमी होत नाही. खोली वाढेल तसा तो वाढतच जातो. एक रेघ खाली येत असते, दुसरी वर जात असते. त्या एकमेकींना कधी छेदणार, हे अंकगणित कुणालाही मांडता आलं असतं. १९६४मध्ये केजीएफमध्ये मातीकामाची अवजड यंत्रं बनवणारा सरकारी कारखाना निघाला. तो आजही आहे आणि गावाचा एक आधार आहे. पण हजारो घरांच्या गावाला तेवढा एक आधार पुरणारा नव्हता. पर्यायी गाव घडवायला चाळीस वर्षं हाताशी होती. खाण बंद करायची की चालू ठेवायची, या चर्चेत ती गेली.

२००१च्या फेब्रुवारीअखेर खाण बंद झाली. तेव्हा पटावर साडेतीन हजारांहून अधिक कामगार होते. सव्वाशे वर्षांत कोलारने सुमारे ८०० टन सोनं दिलं होतं. पंप थांबले, आणि खालची भुयारं हळूहळू पाण्याने भरत गेली. प्लमरच्या आधीच्या खाणकऱ्यांना ज्या पाण्याने अडवलं होतं, तेच पाणी परत आलं.

उरलेले डोंगर

सोनं गेलं, दगड राहिला. दगड दळून त्याचं पीठ करायचं, ते आधी पाऱ्यावरून आणि नंतर सायनाईडच्या पाण्यातून न्यायचं. सोनं विरघळून निघतं, उरलेली पांढुरकी माती फेकायची. सव्वाशे वर्षं फेकलेल्या मातीचे डोंगर झाले. गावात त्यांना सायनाईड डंप म्हणतात. त्यांवर धड काही उगवत नाही. उन्हाळ्याच्या वाऱ्यात त्यांची भुकटी उडते आणि घराघरांत, पाण्याच्या भांड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते.

अशा १३ डंपांमध्ये तीन कोटी टनांहून जास्त माती आहे, आणि तिच्यात अजून सोनं आहे. टनामागे एक ग्रॅमहूनही कमी. पण सोन्याचा भाव आज जिथे पोचला आहे, तिथे एवढंही परवडतं. २०२४मध्ये कर्नाटक सरकारने हजार एकरांवर पसरलेले हे डंप पुन्हा गाळायला संमती दिली. चार तोळ्यांपासून सुरू झालेली गोष्ट एका अंगठीपाशी थांबली असं आपण म्हटलं होतं. ती आता मण्यापर्यंत आली आहे.

लाईनींमध्ये अजून लोक राहतात. आजोबा खाली उतरायचे, वडील उतरायचे, त्यांची ही खोली. ती आपल्या नावावर व्हावी एवढंच त्यांचं मागणं. खोली कंपनीची होती. खाणीच्या हिशेबात ती पाळणा, पंप आणि ट्रॉलीच्या रांगेत धरलेली, म्हणजे सामानात. त्यात कुटुंब राहतं ही नोंद त्या हिशेबात कधी आलीच नाही.

१८९४च्या त्या फाट्याचं शेवटचं स्टेशन मारिकुप्पम. एके काळी या रुळांवरून कोळसा आणि कॉर्नवॉलची माणसं आत येत आणि सोनं बाहेर जाई. आज पहाटे, तांबडं फुटायच्या आत, तिथून बंगळूरूची लोकल सुटते. चॅम्पियन रीफ, ऊरगाम, कोरमंडल. एकेका जुन्या खाणीच्या नावाचं स्टेशन येतं आणि डबा भरत जातो. डबा तमिळमध्ये बोलतो, तेलुगू-कन्नडमध्ये हसतो, कुणी उभ्या उभ्या झोप पुरी करतं. ऑफिसातली मुलं, शोरूममधल्या मुली, रखवालदार, नर्सा. दोन-अडीच तास जायला, तेवढेच यायला. बंगळूरूत घर घेणं परवडत नाही, केजीएफमध्ये काम मिळत नाही.

खाण चालू होती तेव्हा माणूस पाळीला निघे तो सरळ खाली, तीन किलोमीटर. आता तो पाळीला निघतो तो आडवा, शंभर किलोमीटर. संध्याकाळी दोन्ही वेळा परत यायचं ते त्याच लाईनीत.

(पुढील लेखांक : गोव्याच्या खाणपट्ट्यातले थांबलेले ट्रक)